तीनचे वाटे आणि हातातला एक

चौथीच्या पोरांना गणित शिकवायला असं काय लागतं, असं मला पुष्कळांनी विचारलंय. त्यांना मी उलट एवढंच विचारते, बावीस तीनच्या पाढ्यात येतात का हो? की लगेच त्यांचे ओठ हलायला लागतात. तीन एके तीन, तीन दुणे सहा, असं खालून वर चढत जातात आणि सत्तावीसपर्यंत जाऊन परत खाली येतात. आमचे जावईसुद्धा त्यातलेच, आणि ते इंजिनिअर आहेत.

या अंकाच्या संपादकबाई आमच्याच सोसायटीत राहतात. जिन्यात गाठून म्हणाल्या, तुमच्या नोकरीवर लिहा. आता प्राथमिक शिक्षिकेच्या नोकरीत लिहिण्यासारखं काय असतं? जनगणना असते, पोलिओचे डोस असतात, बदल्या असतात, आणि उरलेल्या वेळात शिकवणं असतं. बाकीचं सगळं वगळून मी एकाच मुलीचं सांगणार आहे. तिचं सांगायचं तर आधी थोडं गणित सहन करावं लागेल, पण फार नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा मी बोनकोड्याच्या शाळेत होते. कोपरखैरण्याचे सेक्टर नुकते उभे राहत होते. रस्ते आखलेले, दिव्याचे खांब लावलेले, पण माणसं अजून यायची होती. शाळेच्या मागच्या खिडकीतून पूर्वी भातशेती दिसायची म्हणे. माझ्या वेळी तिथं मातीचे ढिगारे आणि पलीकडं खाडीची झाडी. वर्गात निम्मी पोरं गावातली, आगऱ्यांची, आणि निम्मी आमच्या साताऱ्याकडची. त्यांचे बाप वाशीच्या मार्केटात पोती उचलायचे. आमचे हेसुद्धा त्याच मार्केटात, कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर कामाला. त्यामुळं साताऱ्याच्या पोरांना वाटायचं बाई आपल्या, आणि गावातल्या पोरांना वाटायचं बाई त्यांच्या. मी दोघांनाही सारखीच ओरडायचे.

तर गणित. पाढा पाठ असणं आणि पाढा कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगण्यात माझी अर्धी हयात गेली. पाढा पोरांच्या लेखी गाणं असतं. गाणं म्हणताना मधल्या ओळीवर बोट ठेवून कुणी विचारलं तर आपल्यालाही पहिल्यापासून म्हणावं लागतं. मग एखादी संख्या समोर आली की ती तीनच्या पाढ्यातली आहे का, पाचच्या आहे का, हे बघताक्षणी ओळखायचं कसं? पुस्तकात याला पट म्हणतात, विभाज्य म्हणतात. वर्गात आम्ही म्हणायचो, बसते किंवा नाही बसत. पंधरा तीनमध्ये बसतात, सोळा नाही बसत. एवढं जमलं की पुढं भागाकार सोपा, अपूर्णांक सोपे. नाही जमलं की पोरगं सातवीपर्यंत चाचपडत राहतं.

संपत नावाचा पाटणकडचा एक मुलगा होता, तीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणायचा. त्याला विचारलं, तेहतीस तीनमध्ये बसतात का? म्हणाला, नाही. का रे? तर म्हणाला, "तीन दाहे तीसला पाढा संपतो की बाई." त्याच्या हिशोबानं तिसाच्या पुढं तीनचा काही संबंधच उरत नव्हता. त्याचा बाप एकदा शाळेत येऊन मला सुनावून गेला होता, की पोरांना चिंचोके काय खेळवताय, पाढे पाठ करून घ्या. मी म्हटलं, "पाढे पाठ आहेत तुमच्या पोराचे. तेवढंच आहे." त्यांना ते कौतुक वाटलं. खूश होऊन गेले.

चिंचोके हे माझं हत्यार. पत्र्याच्या डब्यात मी शंभर चिंचोके मोजून ठेवले होते, आणि असे डबे पाच-सहा. चौघात एक डबा. मूठभर चिंचोके घ्यायचे, मोजायचे, तीन-तीनचे वाटे करायचे. शेवटी काही उरलं नाही तर ती संख्या तीनमध्ये बसते. एक किंवा दोन उरले तर नाही बसत. इतकं साधं आहे, की यात कुणाची चूक होऊ शकेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

सुगंधाची झाली.

सुगंधा गावातली. अंगानं किरकोळ, केसांना खोबरेल चोपडलेलं, आणि बोलायची इतकं हळू की मला दर वेळी बाकापाशी वाकावं लागायचं. चौथीत ती आदल्या वर्षी नापास झाली होती, गणितातच. हेडमास्तरांनी मला वर्ग देतानाच सांगितलं होतं, "ही पोरगी बघा. आई नाही. आजीकडे असते, आजी मासे विकते. यंदाही नापास झाली तर आजी तिला शाळेतून काढून टोपलीपाशी बसवणार आहे. तसं मला तोंडावर सांगून गेली म्हातारी." मी म्हटलं, बघते. म्हणजे मनात म्हटलं, नापास झालीच कशी, माझ्या हाताखाली असती तर झाली नसती. तेव्हा मी अशी होते.

तर पहिल्याच आठवड्यात टाळ्यांचा खेळ घेतला. सगळ्यांनी मिळून एकपासून मोजायचं, आणि तीनच्या पाढ्यातली संख्या आली की ती न बोलता टाळी द्यायची. एक, दोन, टाळी, चार, पाच, टाळी. शेजारच्या वर्गातल्या बाई भिंतीवर डस्टर आपटायच्या, पण पोरं रंगून जायची. त्यात माझ्या लक्षात आलं, एक टाळी मध्येच वाजतेय. चारला वाजतेय, पाचला वाजतेय, सगळीकडेच वाजतेय. सुगंधा प्रत्येक आकड्याला टाळी देत होती. गंभीर चेहऱ्यानं.

मला वाटलं, पोरगी टिंगल करतेय. मी तिला उभं केलं आणि समोर चौदा चिंचोके टाकले. "तीन-तीनचे वाटे कर."

तिनं भराभर केले. हात इतका सफाईनं चालत होता की मला बरं वाटलं. चार वाटे झाले, दोन चिंचोके उरले. ते दोन तिनं उचलले, एक पहिल्या वाट्यावर ठेवला, एक दुसऱ्यावर, आणि हात मांडीवर ठेवून बसली.

"उरलं काय?"

"काय नाय उरलं, बाई."

"मग चौदा बसतात तीनमध्ये?"

"बसतात."

"आणि सोळा?"

"सोला पन बसतात."

वर्ग फिदीफिदी हसला. संपत मागून म्हणाला, "बाई, तिचं समदंच बसतंय." मी त्याला गप्प केलं आणि सुगंधाला समजावलं, की वाट्यात फक्त तीन हवेत, जास्तीचे नाही घालायचे. तिनं मान हलवली. परत चिंचोके दिले. परत वाटे केले, परत उरलेला एक हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"हा कुठं ठेवू?"

"कुठंही ठेव. बाजूला ठेव."

"एकटाच?"

"मग काय त्याला सोबत देऊ? टाक बाजूला."

तिनं तो बाजूला ठेवला. मी पुढच्या बाकाकडे वळले आणि परत बघितलं, तर तो वाट्यावर चढलेला.

पुढचे कितीतरी दिवस हेच. मी तऱ्हेतऱ्हेनं सांगितलं. फळ्यावर गोल काढून दाखवले, खडूंचे तुकडे वाटले, बोरं आणली. बोरांचा तर काही उपयोगच झाला नाही, पोरांनी ती खाल्ली. सुगंधाला वाटे करता यायचे, मोजता यायचं, बेरीज पक्की होती. पण उरलेलं म्हणून काही असतं हे तिच्या हाताला मान्यच नव्हतं. घरी येऊन मी यांच्यापाशी चिडचिड करायचे. हे म्हणायचे, "सोड की एक पोरगी." मी म्हणायचे, "तुम्ही गाळ्यावर एक पोतं सोडून येता का?" मग ते पुढची भाकरी मोडायचे.

शेवटी ठरवलं, आजीलाच भेटायचं. म्हटलं, बाईला सांगू, पोरीला काढू नका, थोडी कळ काढा. संध्याकाळी सेक्टरच्या कडेला रस्त्यावर मासळीवाल्या बसायच्या, तिथं गेले. आमच्या घरी मटण व्हायचं, पण समुद्रातलं काही आमच्या चुलीवर कधी चढलं नव्हतं. त्यामुळं तो वास मला सोसायचा नाही. नाकाला पदर लावून मी उभी, आणि समोर चांगुणाआजी. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, नाकात मोठी नथ, पुढं पाटीवर बोंबील मांडलेले. शेजारी पाण्याच्या बादलीपाशी सुगंधा बसलेली. मला बघून ती टोपलीआड सरकली.

"मास्तरीन ना गो तू?" आजी म्हणाली. "थांब जरा. गिऱ्हाईक हाय."

मी थांबले. आजी बोंबलांचे वाटे लावत होती. पाच-पाचाचा एक वाटा. पाटी भरून वाटे लागले आणि टोपलीत तीन बोंबील राहिले. आजीनं ते तीन उचलले, बघितलंसुद्धा नाही, आणि तीन वाट्यांवर एकेक टाकला. टोपली पालथी केली. गिऱ्हाईक बाई त्यातलाच एक वर चढवलेला वाटा घेऊन गेली आणि जाताना खूश दिसली.

मी तिथं नाकावरचा पदर सोडून उभी राहिले. तो हात मी वर्गात बघितला होता. तोच वेग, तोच उचलायचा झोक, आणि काम झाल्यावर हात मांडीवर ठेवायची तीच पद्धत.

"आजी, ते उरलेले तुम्ही वर का टाकले?"

आजीनं माझ्याकडं असं बघितलं की ही बाई शाळेत काय शिकवते. "मंग काय करू? एकला बोंबील कोन घेतं? बाजूला ठेवला का मांजर नेतं."

"पण मग वाटे सारखे होत नाहीत."

"सारके कशाला पायजेत? कोनाला एक वर गेला तर जातो. टोपलीन काय ठेवाचं नाय. उरलेलं वर टाकाचं, आनि टोपली धुवाची."

मी तिला सांगितलं, की सुगंधा वर्गात नेमकं हेच करते, आणि म्हणून ती नापास होते. आजी आधी हसली. मग तिनं सुगंधाला हाक मारली, "गो, आनखी पानी आन," आणि पोरगी बादली घेऊन नळाकडे गेल्यावर माझ्याकडे वळली.

"बाय, तुला सांगते. हिची आय माजी पोर. ती गेली तवा ही मांडीवर होती. बापूस दिघ्याला कंपनीन हाय. दुसरी केली त्यानं, तिला पन पोरं झाली. आता त्याचं तिथं सगलं बसलंय. ही तेवडी उरली. मी गेले दिघ्याला आनि घेऊन आले. आता माजा गुडगा गेला, डोल्यांनी दिसत नाय. मना हात पायजे. पास होते तर शिकू दे, मी नाय म्हनत नाय. पन दर साल तीच चौथी, तर मंग माज्याबरोबर बसू दे. हितं तरी ती काय चुकत नाय."

आजीनं मला बोंबलाचा वाटा देऊ केला, मी म्हटलं आम्ही खात नाही. तर तिनं शेजारच्या भाजीवालीच्या पाटीवरून एक लिंबू उचललं, तिला विचारलंही नाही, आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, रिकामी जाऊ नको.

त्या रात्री मला झोप लागली नाही वगैरे काही झालं नाही, छान लागली. पण सकाळी डबा भरताना एकदम आठवलं, सुगंधानं मला विचारलं होतं, हा एकटाच ठेवू? आणि मी काय म्हटलं होतं, टाक बाजूला. त्या पोरीला टाक म्हणून चालणार नव्हतं. इतके दिवस मी तिला ज्या गोष्टीची सक्ती करत होते ती तिच्या घरात कुणी करतच नव्हतं.

शाळेत जाऊन मी पहिल्या तासाला तिच्या बाकापाशी बसले. सतरा चिंचोके दिले. वाटे झाले, दोन उरले. तिचा हात वाट्याकडे निघाला तसा मी तो मध्येच धरला.

"वर नको टाकू. बाजूलाही नको ठेवू. हातात धर."

तिनं धरले.

"आता मूठ मिट. आता ते तुझ्याकडे आहेत. मांजर नेणार नाही."

तिनं चमकून माझ्याकडं बघितलं. मी आजीकडे जाऊन आले हे तिला माहीत होतं, पण मांजराचं माझ्या लक्षात राहील असं तिला वाटलं नव्हतं.

"आता सांग. मुठीत काही आहे?"

"हाय. दोन."

"मग सतरा तीनमध्ये बसले?"

ती वाट्यांकडे बघत राहिली, मग मुठीकडे. "नाय बसले. दोन माज्याकडं हायेत."

"आणि मूठ कधी रिकामी राहील?"

तिनं डब्यातून एक चिंचोका घेतला, मुठीतले दोन खाली ठेवले, तीनचा वाटा केला, आणि रिकामा तळहात माझ्यापुढं धरला. वर्गात तेव्हा काय गोंधळ चालला होता देव जाणे, मला ऐकू येत नव्हता. मला रडू येत होतं आणि चौथीच्या वर्गात रडण्याची सोय नसते, म्हणून मी संपतवर ओरडले.

पुढं तो सगळ्या वर्गाचाच खेळ झाला. संख्या सांगितली की पोरं वाटे करायची आणि हात पुढं करायची. उघडा तळहात म्हणजे बसते, मूठ म्हणजे नाही बसत. संपतनंही तेहतीस चिंचोके मांडून बघितले, हात रिकामा राहिला, आणि त्याचा चेहरा पडला. तिसाच्या पुढंही पाढा चालूच असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "बाई, कुठवर जातो ओ?" मी म्हटलं, तू जाशील तिथवर.

सुगंधाची मजा वेगळीच. एकदा तिला एकेक चिंचोका वाढवत बसलेली बघितलं. म्हणाली, "बाई, बगा. रिकामा, मंग एक, मंग दोन, मंग परत रिकामा. तीनाला तसंच होतं. चाराला रिकामा, एक, दोन, तीन, आनि मंग रिकामा." मी तिला हे शिकवलं नव्हतं. हे पुस्तकातही नव्हतं. हळूहळू तिला चिंचोके लागेनासे झाले. संख्या ऐकली की क्षणभर थांबायची, मूठ वळायची किंवा उघडायची. टाळ्यांच्या खेळात तिची टाळी आता बरोबर तिसऱ्यालाच पडायची. उशिरा पडायची, पण बरोबर पडायची.

एक गोष्ट मात्र अडत होती. पाढे. पाढा पाठ म्हणायला उभं केलं की तिचा आवाज आत जायचा आणि मध्येच कुठंतरी तुटायचा. तोंडी परीक्षेत आधी पाढाच विचारतात.

त्या वर्षी तोंडी परीक्षेला वरून एक साहेब येणार असं कळलं. लेखी पेपर तिनं कसाबसा दिला होता. तोंडीचे गुण पडले तर पास, नाही तर नाही, हे मला आणि हेडमास्तरांना दोघांनाही दिसत होतं. साहेब तरुण होते, नवीन होते, घड्याळाकडे बघून काम करणारे. टेबलाशी ते, बाजूला मी, आणि मी एक शब्द बोलायचा नाही असा नियम. माझ्यासारखीला हा नियम म्हणजे शिक्षाच. चिंचोक्यांचे डबे कपाटात, कपाटाला कुलूप.

सुगंधा आली. साहेब म्हणाले, "सातचा पाढा म्हण."

तिनं सुरुवात केली. सात एके सात, सात दुणे चौदा. सात पाचे पस्तीसपर्यंत ठीक आली. मग थांबली. परत सात पाचे पस्तीस म्हणाली, परत थांबली. साहेबांनी पेन उचललं. माझ्या घशापर्यंत बेचाळीस आलं होतं, ते मी गिळलं.

"बरं, राहू दे," साहेब म्हणाले. "पन्नास. पन्नास सातच्या पाढ्यात येतात का?"

मी डोळे मिटले. जिला पाढा सातापर्यंतही म्हणता येत नाही तिला हे विचारायचं म्हणजे संपलंच. डोळे उघडले तर सुगंधाचा हात टेबलावर चालत होता. नसलेले चिंचोके उचलत होती, वाटा मांडत होती, पुढं सरकत होती. टेबलावर काहीच नाही आणि हात चाललाय. साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

हात थांबला. तिनं मूठ मिटली.

"नाय बसत," ती म्हणाली. "एक उरतो."

साहेब आता जरा पुढं झुकले. "बरोबर. कुठं उरतो?" हे त्यांनी गमतीनं विचारलं असावं.

तिनं मूठ पुढं केली. "ह्याच्यात."

"उघड बघू."

सुगंधानं माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. मूठ उघडली नाही. "नको. पडंल."

साहेब हसले. मोकळे हसले, वर्गाबाहेरच्या पोरांनी डोकावून बघितलं. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "मग सात-सातचे वाटे पुरे व्हायचे असतील तर काय करावं लागेल?"

"ह्यो माज्याकडं ठेवला तर एकुनपन्नास बसतात. ह्याला बी बसवाचा असंल तर आनखी सा लागतील."

साहेबांनी लिहिलं. किती गुण लिहिले ते मला दिसले नाहीत, आणि ती दाराबाहेर जाईपर्यंत मी खुर्चीतून हलले नाही. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पाढे पाठ करून घ्या हं बाई." मी म्हटलं, हो साहेब.

निकालाच्या दिवशी चांगुणाआजी शाळेत आली. टोपली बाहेर पायरीशी ठेवली होती, वास मात्र तिच्याबरोबर आत आला. त्या दिवशी मी नाकाला पदर लावला नाही. हेडमास्तरांनी सांगितलं, पोरगी पास झाली, पाचवीला मोठ्या शाळेत घाला. आजी हातानं खांब धरून उभी राहिली. मला वाटलं खूश होईल. मग तिनं मला विचारलं, "मोठी शाला दुपारची का सकालची?"

"दुपारची, आजी."

"मंग सांजच्याला नसेल ती," आजी म्हणाली. "जाऊ दे. वाटे मी लावीन." एवढंच. त्या एका वाक्यात म्हातारीनं काय सोडलं ते मला तेव्हा कळलं, आणि मी तिच्या गुडघ्याकडे बघायचं टाळलं.

वर्गात पोरं चिंचोके परत करत होती. वर्षाच्या शेवटी आमची पद्धत होती, डब्यात ओतायचे नाहीत, दहा-दहाचे वाटे करून मोजून टाकायचे. सगळी पोरं मोकळे हात दाखवून पळाली. सुगंधा राहिली. तिच्या पुढ्यातले सगळे वाटे डब्यात गेले होते, शेवटचा नऊचाच, आणि तिची मूठ मिटलेली होती.

"काय उरलं गं?"

"एक."

"मग टाक की डब्यात. शंभर पुरे होतील."

तिनं मान हलवली. वर्षभरात माझ्याशी ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "नको, बाई. हा माजा."

मी डब्याचं झाकण लावलं. दारात आजी उभी होती, डोक्यावर टोपली घेतलेली. सुगंधा तिच्याकडे धावत गेली. आजीनं हात पुढं केला, आणि पोरगी मूठ काही उघडेना, म्हणून तिनं ती मिटलेली मूठच हातात धरली. दोघी मातीच्या ढिगाऱ्यांच्या कडेनं गावाकडे गेल्या.

आजी पुढं तीन-चार वर्षं त्या रस्त्यावर बसायची. मी तिथून जाताना मला लिंबू मिळायचं. मग रस्ता रुंद झाला, मासळीवाल्या कुठंतरी हलल्या, आमचीही बदली झाली, आणि नंतर आम्ही सानपाड्याला राहायला आलो. सुगंधा दहावी झाली एवढं ऐकलं होतं, हेडमास्तरांकडून. पुढचं माहीत नाही. शोधायला हवं होतं, नाही शोधलं.

त्यातला एक डबा मी निवृत्तीच्या वेळी घरी आणला. आता नातवंडं त्याच्याशी खेळतात. परवा धाकटीनं सगळे चिंचोके फरशीवर ओतले, मोजले आणि मला म्हणाली, आजी, यात नव्व्याण्णव आहेत, शंभर कर ना. सोसायटीच्या आवारात चिंचेचं झाड आहे, एक उचलून टाकायला कितीसा वेळ लागतो. मी म्हटलं, राहू दे. एक माझ्या ओळखीच्या मुलीकडे आहे.